ओसाड भूमि कोणाची?

साम्राज्यें कशीं उभीं राहतात, हा प्रश्न इतिहासकाराचा आहे. तीं उभीं करणाऱ्या मनुष्याचें मन त्या वेळीं कसें असतें, हा मात्र नीतिशास्त्राचा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्याचें एक साधन आज अनेक सुशिक्षित घरांत आहे, आणि तें बहुधा मुलांच्या हातीं आहे. सिड मायर व ब्रूस शेली यांनीं रचलेल्या व १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सिव्हिलायझेशन' या संगणकावरील खेळाविषयीं आम्ही बोलत आहों. त्याची सातवी आवृत्ति २०२५ सालीं निघाली.

या खेळांत प्रत्येकानें आपापल्या पाळीनें चाल करावयाची असते. त्यामुळें बुद्धिबळाप्रमाणेंच विचाराला अवकाश मिळतो. आरंभ ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षीं होतो. भोंवतालचा जवळजवळ सर्व नकाशा काळोखांत असतो, आणि खेळणाराजवळ वसाहत करणारांची एखादी टोळी असते. नदीचा कांठ व सुपीक जमीन पाहून तो राजधानी वसवितो. मग पहिला खरा निर्णय पुढें येतो: वाढती प्रजा घरींच ठेवून नगर समृद्ध करावें, कीं तिच्यांतून नवी टोळी बाहेर पाठवावी? पहिल्या आवृत्तींत टोळी निघाली कीं मूळ नगराची लोकसंख्या एका अंकानें घटते. पुढील कांहीं आवृत्त्यांत टोळी तयार होत असतां नगराची वाढच थांबते. हा तोटा जो लवकर सोसतो, त्याच्या दोन नगरांचीं चार होतात व चारांचीं आठ. चक्रवाढ व्याजाचा हा नियम ज्याला वेळेवर उमगला नाहीं, त्यानें पुढें कितीहि शौर्य दाखविलें तरी शेजाऱ्याची बरोबरी त्याला बहुधा साधत नाहीं.

१९९३ सालीं 'मास्टर ऑफ ओरायन' या अशाच दुसऱ्या एका खेळाविषयीं लिहितांना ॲलन एमरिच यांनीं या जातीच्या खेळांचीं चार अंगें सांगितलीं: शोध, विस्तार, उपभोग आणि संहार. यांपैकीं चौथ्यापाशीं येतांच आपली सदसद्विवेकबुद्धि जागी होते. शेजाऱ्याचें नगर उद्ध्वस्त करतांना खेळांतहि हात क्षणभर थबकतो. परंतु कोणीं मोठें व्हावयाचें व कोणीं चिरडलें जावयाचें, याचा निकाल पुष्कळदां दुसऱ्या अंगांतच लागून गेलेला असतो. तेथें मात्र कोणाचाच हात थबकत नाहीं. कारण आपण कोणाचें कांहीं घेत आहों, असें तेथें वाटतच नाहीं. भूमि ओसाड होती, ती आपण वसविली, इतकेंच! आमच्या मतें नीतीचा खरा प्रश्न येथेंच आहे.

ती भूमि खरोखरच ओसाड असते काय? आरंभींच्या आवृत्त्यांत पटावर ठिकठिकाणीं लहान खेडीं आढळतात. तेथें आपला माणूस शिरला कीं कधीं सुवर्ण मिळतें, कधीं एखादी विद्या, तर कधीं लढवय्यांची तुकडी; आणि तें खेडें नकाशावरून नाहींसें होतें. तेथील माणसें कोठें गेलीं, हें कोणी विचारीत नाहीं. जे हत्यार उचलून समोर येतात त्यांना 'रानटी' हें एकच नांव. पांचव्या आवृत्तींत त्यांचा तळ मोडणाऱ्यास द्रव्यहि मिळतें. विस्ताराला आवर घालण्याचे उपाय रचनाकारांनीं केले नाहींत असें नव्हे. २००५ च्या चौथ्या आवृत्तींत नगरांच्या संख्येबरोबर खजिन्यावरील भार वाढतो. २०१० च्या पांचव्या आवृत्तींत नगरें वाढलीं कीं आपलीच प्रजा नाखूष होते. शेजारचे राजेहि कुरकुर करतात. पण ते स्वतः त्याच भूमीचे उमेदवार! हे सारे आवर घेणाराच्या हिताचे आहेत. ज्याचें गेलें, त्याच्या हक्काचा आवर त्यांत नाहीं.

हा दोष खेळानें निर्माण केलेला नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनें असें प्रतिपादन केलें कीं, श्रम केल्यानें भूमीवर स्वामित्व येतें. मात्र इतरांसाठीं पुरेशी व तितकीच चांगली भूमि उरली पाहिजे, अशी अटहि त्यानें घातली. वसाहती करणारांनीं तत्त्व उचललें व अट सोडून दिली. इंग्रज आले त्या वेळीं ऑस्ट्रेलियाची भूमि कायद्याच्या दृष्टीनें कोणाचीच नव्हती, ही कल्पना तेथील सर्वोच्च न्यायासनानें माबो खटल्यांत फेटाळली ती १९९२ सालीं, म्हणजे हा खेळ बाजारांत आल्यानंतर! २०१८ सालीं सहाव्या आवृत्तीच्या पुरवणींत कॅनडांतील क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकांतील नायक पाउंडमेकर यास खेळांत स्थान मिळालें. त्याचें नांव धारण करणाऱ्या क्री समाजाचे एक पुढारी मिल्टन टुटूसिस यांनीं त्यावर हरकत घेतली. परभूमि जिंकणें हेंच जणूं आमच्याहि पूर्वजांचें ध्येय होतें असा समज यानें पसरतो, असा तिचा आशय होता. ज्यांचीं खेडीं पटावरून पुसलीं गेलीं, त्यांना मान द्यावयाचा तोहि पुसणाराची भूमिका देऊन!

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. बुद्धिबळांतहि प्यादीं मरतातच. खरें आहे. परंतु बुद्धिबळांत दोन्ही सैन्यें सारखीं मांडलेलीं असतात आणि प्रत्येक प्याद्याची गणना होते. शिवाय तो खेळ संस्कृतीचें नांव घेत नाहीं. तथापि हा खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. साम्राज्य स्थापण्यास क्रूर अंतःकरण लागतें, हा आपला आवडता गैरसमज आहे. हिशेबी बुद्धि व थोडी दूरदृष्टि एवढ्यावरहि तें भागतें, हें या खेळाइतकें स्पष्टपणें फारच थोडे ग्रंथ शिकवितात. न पसरावें तर शेजारी गिळतो, हीहि अडचण त्यांत खरी आहे. पण अपरिहार्यता कृत्याचें कारण सांगते. तिनें ऋण फिटत नाहीं.

महाभारतकारानें हें ऋण ओळखलें होतें. पांडवांना वांट्यास खांडवप्रस्थ मिळालें, तेथें इंद्रप्रस्थ उभें राहिलें, आणि पुढें कृष्णार्जुनांनीं खांडववन अग्नीच्या मुखीं दिलें. असंख्य प्राणी व नाग त्यांत होरपळले. त्याच आगींतून वांचलेल्या मयासुरानें युधिष्ठिराची अद्भुत सभा बांधली. कवीनें मात्र हिशेब तेथें मिटविला नाहीं. त्या आगींतून निसटलेला तक्षकपुत्र अश्वसेन कुरुक्षेत्रावर कर्णाच्या बाणांत शिरून अर्जुनावर धांवून आला. पुढें अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्याच दंशानें मेला, आणि जनमेजयाचें सर्पसत्र पेटलें. वन जळालें तरी त्याची आठवण जळाली नाहीं.

सातव्या आवृत्तींत 'रानटी' हा वर्ग काढून टाकला आहे. स्वतंत्र टोळ्यांशीं तेथें सख्य जोडतां येतें, त्यांना उधळूनहि लावतां येतें. म्हणजे निवड आतां खेळणाराच्या हातीं आली आहे. नियम सुधारण्याचें काम रचनाकारांचें. परंतु पहिलें नगर वसवितांना 'ही भूमि ओसाड आहे, हें कोणीं ठरविलें?' असें विचारण्याचें काम खेळणाराचें. एखाद्या मुलानें हा प्रश्न वडील माणसांना विचारला, तर त्याला खेळाचा नाद लागला म्हणून कोणीं रागावूं नये. त्याच्याजवळ बसावें आणि आपणहि उत्तर शोधावें.