परमुलुखातला सण आणि मनुष्यऋण

आमच्या मंडळाच्या एका सभासद घराण्यातील चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेत वास्तव्यास आहेत. तेथील ‘थँक्सगिव्हिंग’ या सुगीच्या सणास त्यांना शेजाऱ्यांकडून भोजनाचे आमंत्रण आले. त्या भोजनात टर्की पक्ष्याचे मांस हा मुख्य पदार्थ असतो, आणि हे कुटुंब शाकाहारी. शिवाय परधर्मीयांच्या प्रार्थनेस बसल्याने स्वधर्मास बाध तर येणार नाही ना, अशी शंका आजीबाईंनी गेल्या एकादशीस भजनानंतर सभामंडपात बोलून दाखविली. प्रश्न एका घराचा नव्हे. आज येथील कितीतरी घरांतील कोणी ना कोणी परदेशी आहे. म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम तो सण समजून घेतला पाहिजे. इ. स. १६२० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या लोकांची एक वसाहत प्लिमथ येथे वसली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील सुमारे निम्मी माणसे दगावली. पुढच्या वसंतात तेथील मूळ रहिवाशांपैकी टिस्क्वांटम नावाच्या गृहस्थाने उरलेल्यांस मका पेरण्याची रीत शिकविली. बियाण्याशेजारी मासा पुरून जमीन सकस कशी करावी, हेही दाखविले. १६२१ ची सुगी घरात आल्यावर वसाहतवाल्यांनी मेजवानी केली. तीत वाम्पानोग जमातीचा प्रमुख मॅसॅसॉइट आणि त्याचे सुमारे नव्वद लोक तीन दिवस होते. त्यांनी आपल्या वाट्याची म्हणून पाच हरणे आणून दिली. पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असता, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार देवाचे आभार मानण्यासाठी जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला.

परंतु कथा येथे संपत नाही. त्या मेजवानीनंतर साठ वर्षेही लोटली नाहीत, तोच जमिनीच्या वादातून युद्ध पेटले. १६७६ मध्ये त्याच मॅसॅसॉइटचा पुत्र मेटाकॉम मारला गेला, आणि ज्या प्लिमथात पित्याने पंगत घेतली होती तेथेच पुत्राचे मस्तक खांबावर लटकविण्यात आले. १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज याच गुरुवारी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात. एकाच दिवशी एका घरी आभार, दुसऱ्या घरी शोक! तेव्हा खरा प्रश्न ताटातील मांसाचा नाही. देवाचे आभार मानले म्हणजे माणसाचे देणे फिटते काय, हा तो प्रश्न आहे.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपणांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋण हे चौथेही सांगितले आहे, आणि आल्यागेल्यास आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असा त्याचा मार्ग दिला आहे. परधर्माविषयी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील इशारा आजीबाईंनी आठवला, तो योग्यच. पण ज्यांनी दिले त्यांस न देता जो एकटा खातो तो चोर, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे. आपल्या दिवाळीतही वामनाचे भक्त असणारे आपण प्रतिपदेस पाताळात गेलेल्या बळीराजाचे स्मरण करतो. सुगीच्या आनंदात जो हरला त्यालाही जागा ठेवावी, ही रीत आपल्या पूर्वजांस सुचली होती.

आणि हे ऋण केवळ परदेशी गेलेल्यांचे आहे, असे मानून इतरांनी निश्चिंत राहू नये. एकादशीच्या फराळाचे ताट पाहावे. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, ही सारी अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांनी प्रथम लागवडीस आणलेली पिके होत. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्या देशात येऊन रुजली. समुद्र न ओलांडताही आपण त्यांच्याच पंगतीस बसलो आहोत.

म्हणून आमचे मत असे की, त्या कुटुंबाने जावे. मांस नम्रपणे नाकारावे. आपले व्रत शांतपणे सांगितल्यास सुजाण यजमान रागावत नाही. जाताना लाल भोपळ्याचे घारगे करून न्यावेत. भोपळाही त्याच भूमीचा आहे. प्रार्थनेच्या वेळी आपल्या देवाचे नाव मनात घ्यावे. मात्र मुलांना निम्मी कथा सांगून थांबू नये. मक्याची कथा सांगावी, तशी मेटाकॉमचीही सांगावी. आणि मकरसंक्रांतीस त्याच शेजाऱ्यांना तिळगुळासाठी घरी बोलवावे. बडोद्यास आलेल्या आपल्या पूर्वजांनी तिळगूळ न सोडता गुजराती शेजाऱ्यांकडून उत्तरायणाचे पतंग घेतले, त्याने आपला धर्म उणावला नाही.

आजीबाईंनी हे ऐकून एवढेच विचारले, ‘‘मग येत्या एकादशीस साबुदाणा वाढताना त्या लोकांची आठवण कोणी करायची?’’ आम्हांस उत्तर सुचले नाही. येत्या एकादशीस नैवेद्यानंतर क्षणभर ती सर्वांनीच करावी, अशी सभासद कुटुंबांस विनंती आहे.