मेंढवाड्याचे दार



बंगळूरच्या नृपतुंग मार्गावरील संत मार्था रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८८६ साली ते सुरू करणाऱ्या गुड शेफर्ड धर्मभगिनी १८५४ पासून त्या नगरीत सेवा करीत आहेत. त्यांच्या संस्थापिका संत मेरी युफ्रेझिया पेलेतिये ह्यांचा जन्म १७९६ साली फ्रान्समधील न्वारमूतिये बेटावर झाला. १८१४ मध्ये त्यांनी तूर येथील आश्रयगृहात व्रतस्थ जीवन स्वीकारले. संत जॉन यूद ह्यांनी १६४१ साली सुरू केलेल्या त्या कार्यात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना आसरा मिळे. तिशी उलटण्यापूर्वीच त्या मठप्रमुख झाल्या. प्रत्येक मठ स्वतंत्र असल्यामुळे गरज असेल तेथे भगिनी धाडता येत नसत. म्हणून सर्व मठांस एकच प्रमुख असावी असा आग्रह त्यांनी धरला. महत्त्वाकांक्षेचा आरोप त्यांनी सोसला. १८३५ साली सोळावे ग्रेगरी ह्या पोप महोदयांनी त्यांच्या योजनेस मान्यता दिली, आणि १८६८ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा मठांची संख्या ११० झाली होती. १९४० साली त्यांना संतपद देण्यात आले.

एवढ्यावर थांबलो तर चरित्र सुबक होईल, पण अपुरे राहील. ह्याच धर्मसंघाने आयर्लंडमध्ये चार ठिकाणी ‘मॅग्डालेन’ धुलाईगृहे चालवली. तेथे आलेल्या, किंबहुना आणलेल्या, स्त्रिया वेतनाविना राबत. कित्येकींना बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. त्यांची नावेही बदलली जात. अशा गृहांतील स्त्रियांची आयर्लंडच्या पंतप्रधानांनी २०१३ साली शासनाच्या वतीने क्षमा मागितली. हा दोष थेट संस्थापिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि, प्रश्न टळत नाही: जिला वाचवायचे तिच्या खोलीला बाहेरून कडी घालण्याचा अधिकार दयेला आहे काय?

अधिकार आहे असे म्हणणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बाहेर दलाल टपून बसलेला, नातलगांनी दार लावून घेतलेले. अशा वेळी भिंत हेच रक्षण, असे ते म्हणतात. आपल्याकडील अनेक आश्रमांत आजही हाच युक्तिवाद चालतो. तो खोटा नाही. पण रक्षण संपून पहारा कधी सुरू झाला, हे पहारा करणाऱ्याला सहसा कळत नाही.

ज्या नावाने हा संघ ओळखला जातो ते योहानच्या १०व्या अध्यायातले. भाषांतर करताना मी त्या उताऱ्यापाशी पुष्कळ काळ घालवला आहे. तेथे मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. त्यांना दुसरे नाव देत नाही. नवव्या वचनात येशू स्वतःला दार म्हणतो, आणि त्या दाराने मेंढरू आत येते तसेच बाहेरही जाते. मूळ ग्रीकमध्ये ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी आहेत. प्रवचनांत मात्र आपण ‘आत’वर थांबतो, असा माझा अनुभव आहे.

संत युफ्रेझिया ह्यांनी आश्रित स्त्रियांतील प्रार्थनाजीवनाची ओढ असणाऱ्यांसाठी वेगळी मॅग्डालेन भगिनींची शाखा उभी केली. त्या काळी हे धाडसच होते. तरी मूळ संघाच्या भगिनी होण्याचा मार्ग त्यांना बंदच राहिला. करुणा इतकी मोठी, आणि तरीही मध्ये एक भिंत! आज ध्यानस्थ भगिनी व सेवाकार्य करणाऱ्या भगिनी एकाच संघाच्या सभासद आहेत.

ह्या संदर्भात पंडिता रमाबाई आठवतात. इंग्लंडमध्ये फुलम येथे अँग्लिकन भगिनींचे अशाच स्त्रियांमधील कार्य पाहून त्या थक्क झाल्या होत्या. ही माया येते कोठून, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. पुढे केडगावला रमाबाईंनी ‘कृपासदन’ उभारले.

त्या कथेत येशू त्या स्त्रीला विहिरीजवळ थांबवून ठेवीत नाही. घागर तेथेच टाकून ती गावात जाते, जेथे सर्व तिला ओळखतात त्याच गावात. आणि मग तोच तिच्या गावी जाऊन दोन दिवस राहतो.