परिग्रहाची रेघ
आम्ही सांगलीकडचे जैन. मुनींना अपरिग्रह संपूर्ण. आम्हा गृहस्थांना परिग्रह-परिमाण, म्हणजे किती बाळगायचं याची रेघ आपणच आखायची. कॅमेरा घेताना ती कुठं आखावी, हा प्रश्न मला खराच पडला.

निकॉनचा पी९०० हा सुपरझूम कॅमेरा एकाच लेन्समध्ये २४ ते २००० मिलिमीटरइतका पल्ला देतो, वजन किलोच्या आत. डीएसएलआरला एक लेन्स पुरत नाही; पक्ष्यांना वेगळी, माणसांना वेगळी, मग ट्रायपॉड. पण फुल-फ्रेम डीएसएलआरचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, सुपरझूमचा जेमतेम ६ बाय ४.५. पहाटेच्या उजेडात हा फरक लपत नाही, पिसांचा पोत विरून जातो.

तरी मला मोठा वाटला तो अहिंसेचा मुद्दा. भिगवणला, उजनी धरणाच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच बुडवून चरत असतात. ५०० मिलिमीटरच्या लेन्सनंही चौकट भरली नाही, की लोक नावाड्याला म्हणतात, "दादा, अजून थोडी पुढं घ्या." थवा उडतो. त्याचं खाणं मोडतं, आणि त्याच उड्डाणाचा फोटो कौतुकानं दाखवला जातो. लांब पल्ल्याचा कॅमेरा होडी लांब ठेवू देतो. हाव मात्र त्यानं संपत नाही. २००० हाती आले की पी१०००चे ३००० खुणावतात.

मी सुपरझूम घेतला. चौकटीत पक्षी लहान आला तर लहानच राहू द्यायचा, हे डीएसएलआरनंही साधेल. पण होडी पुढं घ्यायला सांगण्याचा मोह मला याच्यामुळं कमी होतो.