इकडे बघा

लग्नाचं काम द्यायला आलेल्या एका मुलीने परवा अट घातली. "दादा, कॅमेऱ्याकडे बघणारा एकही फोटो नकोय. आणि ते स्टेजवर रांगेने उभं करून काढतात ना, ते तर मुळीच नको." सोबत तिचे वडील होते. ते दरपत्रक वाचत बसले होते. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आकड्यांत घातली. मी हो म्हटलं. ऑर्डर घेताना नाही म्हणणारा फोटोग्राफर माझ्या तरी पाहण्यात नाही. पण ती दोघं गेल्यावर दिवसभर माझी चिडचिड चालली होती, आणि तिचं कारण सापडत नव्हतं. मुलगी काही वावगं बोलली नव्हती. कँडिड म्हणजे कला आणि स्टेज म्हणजे हमाली, हे मीच आजवर कित्येकांना ऐकवत आलोय.

प्री-वेडिंगच्या नावाने चालणारे प्रकार, वरमाला पडायच्या क्षणी डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, मंगळसूत्र बांधून झाल्यावर 'गुरुजी, परत एकदा' म्हणणारे आमचे व्यवसायबंधू, या सगळ्यावर बोलायचं ते लोकांनी बोलून घेतलं आहे. त्यात माझी भर नको. मला घोळवायचाय तो एक जुना, माझा लाडका भेद. फोटो दोनच प्रकारचे असतात. एकात आतला माणूस आपल्याकडे बघत असतो, दुसऱ्यात बघत नसतो. प्रकाश, लेन्स, रंग हे सगळं नंतरचं.

माझ्या पोटापाण्याची कामं या भेदावर छान लागतात. पोर्ट्रेटमध्ये माणूस बघतो. रेसमध्ये बघत नाही. प्रवासात काढलेल्या फोटोंत त्याने बघू नये म्हणून आम्ही धडपडतो. आणि लग्नात दोन्ही चालतं, म्हणून भांडणंही तिथेच होतात.

रेसचं आधी सांगतो, कारण तिथे मन रमतं. नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर मोटार-रॅलीचे टप्पे असतात. रस्ता इतरांसाठी बंद केलेला, गाड्या एकेक करून ठरावीक अंतराने सोडलेल्या. शर्यत शेजारच्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही हा पहिला धडा, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. आतल्या अंगाला, जरा उंचावर, पळायला मागे जागा ठेवून बसायचं. गाडी दिसण्याआधी मार्शलची शिट्टी येते, मग इंजिनाचा आवाज, मग धूळ. गाडी समोरून जाते ती दोन श्वासांत. चालकाची नजर पुढच्या वळणावर, नॅव्हिगेटरची मांडीवरच्या वहीत. त्यांच्या लेखी मी एक झुडूप. चालकाने चुकून माझ्याकडे बघितलंच, तर त्या दिवशी आम्हा दोघांचेही फोटो दुसरंच कुणीतरी काढील.

याच वळणांवर भेटणारा माझा एक मित्र आहे. तो फक्त रेस करतो. लग्नांना हात लावत नाही आणि लावणाऱ्यांना सोडत नाही. "अरे, तुमच्याकडे फोटो ताटात वाढून येतात. इथे ते कमवावे लागतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचा देव म्हणजे फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ. छोटा लायका, साधी पन्नासची लेन्स, फ्लॅश नाही, कुणाच्या ध्यानीमनी नसताना नेमका क्षण पकडायचा. माणसाला आपला फोटो निघतोय हे कळलं, की तो खोटं वागायला लागतो, असं मित्राचं तत्त्वज्ञान आहे. त्या मुलीची अट म्हणजे याचीच लग्नमंडपातली आवृत्ती.

मित्राशी माझा पहिला वाद त्याच्याच अंगणातला आहे. धावती गाडी एक भागिले दोन हजार सेकंदाच्या शटरवर टिपली, की टायरची नक्षी मोजता येते, चाकाचा आरा न् आरा स्पष्ट दिसतो, आणि गाडी रस्त्यावर पार्क केल्यासारखी वाटते. तिला पळवायची असेल तर शटर एक भागिले साठ, कधी तीसपर्यंत खाली आणायचं, कमरेतून वळत कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा आणि फिरता फिरता बटण दाबायचं. मागची झाडं रेघा होतात, चाकं फिरतात, फ्रेममागून फ्रेम वाया जाते आणि एखादी साधते. म्हणजे वेग दाखवायला फोटो जाणूनबुजून हलवावा लागतो. पकडलेला क्षण खराच असतो असं तिथेही नाही.

इथे जरा आडवाटेला जातो. मोटार-शर्यतींचा सगळ्यात गाजलेला जुना फोटो आहे लार्तिग या फ्रेंच पोराचा. पोरच म्हणायचं, त्याने तो काढला तेव्हा तो विशीच्या आतबाहेर होता आणि पहिलं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. शर्यत फ्रान्सची ग्रां प्री. चौकटीत गाडी पूर्ण मावलेलीसुद्धा नाही. पण तिचं चाक लंबगोल होऊन पुढे कललंय, आणि मागे उभे असलेले प्रेक्षक व खांब उलटे मागे झुकलेत. जणू गाडीच्या वाऱ्याने सगळं वाकलंय. प्रत्यक्षात कुणीच वाकलं नव्हतं. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जायची. चित्राचा एक भाग आधी उमटायचा, दुसरा नंतर. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असायची, आणि हा गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, म्हणून स्थिर माणसं मागे कलली. बरीच वर्षं तो फोटो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिगचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याची सत्तरी जवळ आली होती. आज आम्हाला हेच दुखणं दुसऱ्या रूपात भेटतं. रिसेप्शनला आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंट मोडवर टाकला, की स्टेजमागच्या एलईडी भिंतीवर आडवे काळे पट्टे उमटतात. सेन्सर ओळीमागून ओळ वाचत जातो आणि दिवे त्याच्यापेक्षा जलद लुकलुकतात. लार्तिगचं चाक संग्रहालयात पोचलं. आमचे पट्टे दिसले की नवऱ्या मुलाच्या भावाचा फोन येतो.

तर मुद्दा नजरेचा. माणूस बेसावध असला की खरा, हे मान्य करायचं तर आजचं कँडिड कुठे बसवायचं? ते सगळं ठरवून होतं. "ताई, तिकडे खिडकीकडे बघा, बांगड्या नीट करताय असं दाखवा, आणि जरा हसा." न बघणं हीसुद्धा आता पोझ झालीय, आणि दरपत्रकात तिचा दर ट्रॅडिशनलच्या वर आहे. जुन्या स्टेजवाल्यावर हसण्याआधी त्याचं गणितही बघायला हवं. त्याच्या रोलमध्ये छत्तीस फोटो. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला वेळ लागायचा. हॅलोजन लावून, माणसं जमवून, "रेडी?" विचारून बटण दाबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. काळोख्या कार्यालयात फ्लॅशशिवाय फोटो येतोय, कार्डात हजारो फ्रेम मावतायत, म्हणून आम्ही बेसावधपणाचे उपासक झालो. ही तंत्राने दिलेली चैन आहे. तिला आम्ही तत्त्व म्हणायला लागलो.

इथवर मी मुलीची आणि मित्राची बाजू थोडी खिळखिळी करत होतो, एवढंच. मत तेच होतं. ते हललं स्टुडिओतल्या एका नेहमीच्या कामामुळे.

हे काम प्रत्येक फोटोग्राफरकडे येतं आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहाव्याच्या आत बारा बाय अठराची फ्रेम हवी असते, पेपरला द्यायला फोटो हवा असतो. परवा आलेला मुलगा फोन पुढे करून म्हणाला, "बाबांचे फोटो भरपूर आहेत, पण एकही लागत नाहीये." मी चाळत गेलो. वडील जेवताना. वडील हसून खाली बघताना. कुणाच्या तरी सेल्फीत मागे अर्धे. नातवाला झोका देताना, बाजूने. छान फोटो होते, दोनतीन तर मला स्वतःला काढायला आवडले असते असे. आणि मुलगा म्हणत होता ते खरं होतं. हार घालायला त्यांतला एकही लागत नव्हता. शेवटी सापडला तो पुतण्याच्या लग्नातला, स्टेजवरचा. डावीकडून तिसरे, सरळ कॅमेऱ्यात बघणारे. शेजारच्याचा खांदा पुसला, मागची फुलं पुसली, निळसर पार्श्वभूमी घातली. अडलं फेट्याशी. हल्ली लग्नात यच्चयावत पाहुण्यांना फेटे बांधतात, त्यामुळे गेलेल्या पुरुषांचे निम्मे फोटो भगव्या नाहीतर गुलाबी फेट्यात येतात. "फेटा काढून केस लावता येतील?" मुलाने विचारलं. येतात, जुना एखादा फोटो मिळाला की येतात. त्याने आईला फोन लावला. स्पीकरवरून ती म्हणाली, "राहू दे रे. शोभायचा त्यांना."

भिंतीवरचा माणूस आपल्याकडे बघणारा लागतो. यात शोभेचा प्रश्न नाही. दुसरीकडे बघणारा माणूस आपल्याला त्याचं जगणं दाखवतो, पण आपण तिथे नसतो. सरळ बघणारा माणूस, फोटो निघाला त्या घटकेला, पुढे कधीतरी आपला फोटो बघायला येणाऱ्याकडे बघत असतो. ते कोण असेल हे त्याला ठाऊक नसतं, कुणीतरी असेल एवढं ठाऊक असतं. मित्र ज्याला खोटं वागणं म्हणतो, ते हेच. आपल्याकडे कुणी तरी पाहणार आहे हे कळल्यावर माणूस पदर सारखा करतो, पोट आत घेतो. पाहुणे यायच्या आधी घर आवरणाऱ्या बाईला आपण खोटारडी म्हणत नाही.

आणि मग दिवे घाट आठवला. पुण्याहून सासवडकडे माउलींची पालखी घाट चढते, तेव्हा तिथे कॅमेऱ्यांची गर्दी असते, त्यात मी असतो. वारीतल्या म्हाताऱ्यांचा एक हमखास प्रकार आम्ही सगळे जाणून आहोत. कॅमेरा दिसला की बाई थांबते, डोईवरची तुळस एका हाताने सावरते, पदर नीट घेते आणि ताठ उभी राहून लेन्समध्ये बघते. आम्ही वैतागतो. कॅमेरा खाली घेतो, दुसरीकडे बघितल्यासारखं करतो, ती चालायला लागली आणि विसरली की टिपतो. तो फोटो प्रदर्शनात लागतो. तिने स्वतःहून जो देऊ केला होता तो आम्हाला नको असतो. फोटो कशासाठी असतो याची माझ्यापेक्षा तिला जास्त समज होती, असं आता मला वाटतं. तिच्या घरी जर एखादा लागला, तर तो ताठ उभा राहिलेलाच लागेल.

मित्राला हे सांगितलं तर तो ब्रेसाँ काढणार, म्हणून मीही ब्रेसाँच काढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला त्याने काढलेला जोलिओ-क्युरी या शास्त्रज्ञ दांपत्याचा फोटो मित्राने पाहिलेला आहे. दोघं उभी, हात गुंफून, अवघडलेली, आणि समोर बघणारी. ब्रेसाँला ते समोर बघणं चाललं. त्या अवघडण्यातच ती दोघं आहेत, हे त्याला दिसलं असणार. आणि मित्राचंही काही वेगळं नाही. रॅली संपली की चालक आणि नॅव्हिगेटर बॉनेटवर चढून हात उंचावतात, तो समोरून काढलेला फोटो तोच विकतो. धुळीतल्या वळणाला लाइक मिळतात. गॅरेजच्या भिंतीवर लागतो तो बॉनेटवरचा.

आता स्टेजची बाजू घेतलीच आहे, तर तिच्यातलं काळंबेरंही बोललं पाहिजे. रांगेत उभं कोण राहतं? ज्याला वर बोलावलं जातं तो. आधी वरपक्ष, मग वधूपक्ष, मग आमदार. विधवा आत्या पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसून असते. सोडचिठ्ठी घेऊन आलेली मोठी बहीण स्वयंपाकघराकडे असते, कारण 'तिला कशाला'. वाढप्यांना, बँडवाल्यांना तर कुणी इकडे बघा म्हणतच नाही. कँडिडच्या बाजूने हा एवढा एकच भक्कम मुद्दा मला सापडला: खुर्चीवरच्या आत्याचा फोटो त्याच्याचमुळे निघतो. पण त्यातही ती बघत नसते. ती टिपलेली असते, बोलावलेली नसते.

त्या स्टेजवर सगळ्यांनी ऐकावं असा माणूस एकच असतो, फोटोग्राफर. गुरुजींना घाई करणारे यजमान असतात, यजमानांना दटावणारे व्याही असतात. पण आम्ही 'साहेब, जरा डावीकडे' म्हटलं की आमदारही सरकतात. हा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही आणि इतकी वर्षं आम्ही तो फक्त उंचीप्रमाणे माणसं लावण्यात खर्च केला. हल्ली मी आत्याला वर बोलावतो. ती हात हलवून नको म्हणते, शेजारची बाई तिच्या वतीने नको म्हणते, नवरीची आई माझ्याकडे दुर्लक्ष करते. मग मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत कपाळाला आठी घालतो आणि म्हणतो, या कडेला फ्रेम रिकामी दिसतेय, कुणीतरी लागेल. तांत्रिक कारण दिलं की कुणी वाद घालत नाही. आत्या येते, पदर सारखा करते. फ्रेम तोवर भरलेलीच असते. पण पडदा माझ्या बाजूला असतो.