अ‍ॅक्सल आणि अवयवी

चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल घरी उघडणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते परत बसवणे. सगळे भाग तेच, एकही हरवलेला नाही, तरी बसवलेला अ‍ॅक्सल कधी नीट चालतो तर कधी आठवड्याभरात रडू लागतो. मग अ‍ॅक्सल म्हणजे भागांचा समूह, की समूहापलीकडचे काही? भारतीय दर्शनांत याच प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ भांडण चालले आणि त्यातले नेहमीचे उदाहरण होते रथाचे.

विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत सुरू केली. तिच्या अ‍ॅक्सलची घडण सरळ आहे. चॅसीखाली भक्कम स्टँड देऊन आणि मागच्या चाकांना दगड लावून पुढची चाके उतरवली जातात. त्यामागून ड्राइव्ह फ्लँज, हबचे नट, ब्रेकचा ड्रम आणि प्लेट, स्पिंडल असे एकेक निघत जाते आणि जॉइंटसकट शाफ्ट बाहेर ओढता येतो. चाक वळवणारा सांधा, म्हणजे नकल, किंगपिनवर फिरतो. तिथल्या बेअरिंगजवळ पातळ पत्र्याचे शिम असतात. सर्वांत शेवटी तेल काढून मधल्या हाउसिंगचे झाकण उघडायचे. आत डिफरन्शियल, क्राउन आणि पिनियन. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतील तर गुणोत्तर ५.३८, आणि मागच्या अ‍ॅक्सलचेही तेवढेच असावे लागते. नाहीतर चारही चाके जोडल्यावर पुढचे आणि मागचे एकमेकांशी झगडतात.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा सागल नगरीचा, म्हणजे आजच्या सियालकोटचा. रथात बसून आलेल्या राजाला नागसेन विचारतो: दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? सगळे मिळून? की या सगळ्यांहून निराळे काही? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावे लागते. शेवटी तो कबूल करतो की या भागांच्या आधारे ‘रथ’ हे व्यवहारातले नाव पडते, इतकेच. नागसेनाला हेच माणसाबद्दल म्हणायचे होते, रथ निमित्तमात्र.

या युक्तिवादात एक फट आहे. ‘सगळे मिळून’ म्हणजे ढीग की जुळणी, हे राजा विचारतच नाही. सातव्या शतकात बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने ती फट बुजवली. नुसता समूह हाच रथ असेल, तर सुटे पसरलेले भागही रथ ठरतील, असे तो म्हणतो. जुन्या चादरीवर मांडलेला अ‍ॅक्सल हे त्याचे उत्तम प्रात्यक्षिक. मग जुळणीचा आकार म्हणजे रथ का? तर सुट्या चाकाचा जो आकार तोच बसवलेल्या चाकाचा, म्हणून भागांच्या आकारात रथ सापडत नाही. आणि समूहच मुळात वस्तू नसेल, तर त्याचा आकार कोणाचा मानायचा?

न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी असते आणि समवाय नावाच्या अतूट संबंधाने त्यांच्यात राहते. न्यायसूत्रांतला एक हेतू असा: एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू ओढली जाते, म्हणून ती एक आहे. या सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचा प्रामाणिकपणा असा की या हेतूतले वैगुण्य त्याने स्वतःच दाखवले. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एकत्र ओढले जाते, पण त्यांची एक वस्तू होत नाही. अ‍ॅक्सलमधले बोल्ट ही लाखच. न्यायाला जवळचे वैशेषिक दर्शन तर याहून पुढे जाते: कापडातला एक धागा काढला की जुने कापड नष्ट होऊन नवे उपजते. या हिशेबाने ऑइल सील बदलणारा मिस्त्री दर वेळी नवा अ‍ॅक्सल निर्माण करतो. त्याला तेवढी मजुरी मात्र मिळत नाही.

दोन्ही पक्षांनी ज्याकडे पुरेसे पाहिले नाही, ते शिम दाखवतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून घेतलेले असतात. तितक्याच दात्यांचे दुसऱ्या जोडीतले पिनियन बसवले तर गिअर आवाज करतो आणि लवकर झिजतो. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या कॅप डावी-उजवी बदलून चालत नाहीत. दोन दात्यांमधली मोकळीक डायल गेजने इंचाच्या हजारांशांत मोजून या बेअरिंगजवळचे शिम कमी-जास्त करावे लागतात. ही मोकळीक क्राउनचा गुण नाही, पिनियनचा नाही, शिमचा तर नाहीच. ती संबंधात आहे, आणि तरी मोजता येते. म्हणून ‘अ‍ॅक्सल हे केवळ नाव’ एवढ्यावर थांबणे अपुरे ठरते. नाव तेच राहते आणि मोकळीक चुकली की दाते तुटतात. पण या संबंधाला पदार्थाचा दर्जा देऊन त्यातून नवे द्रव्य उपजते असे मानण्याचीही गरज दिसत नाही.

उत्तराच्या सर्वांत जवळ बौद्ध आचार्य नागार्जुन जातो. आपल्याच ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथावरील वृत्तीत तो सांगतो की रथ, घट, पट यांना स्वतंत्र स्वभाव नाही, ते परस्परांच्या आधाराने आहेत, तरीही रथ लाकडे वाहतो आणि घटात मध राहतो. कार्य करण्यासाठी स्वभाव लागत नाही. लागते ती नेमकी मांडणी. अवयवीचा वाद अ‍ॅक्सलपुरता तरी नैयायिक हरतात, आणि नागसेनाचे उत्तरही नागार्जुनाच्या या पुरवणीशिवाय पुरे होत नाही.