बोलण्याची किंमत कोण मोजतो?

मे २०२१मध्ये दिल्ली करोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत होती. लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी वणवण करत होते, लसीसाठी नोंदणी मिळत नव्हती. त्या दिवसांत शहरातल्या भिंतींवर आणि खांबांवर एक पोस्टर झळकले. आमच्या मुलांची लस परदेशात का पाठवली, असा प्रश्न त्यात पंतप्रधानांना विचारला होता. दिल्ली पोलिसांनी वीसहून अधिक गुन्हे नोंदवले आणि जवळपास तेवढ्याच लोकांना अटक केली. त्यांत रोजंदारीवर काम करणारे मजूर होते, रिक्षाचालक होता, छपाईच्या व्यवसायातली माणसे होती. मार्च २०२३मध्ये पंतप्रधानांना हटवा, अशी मागणी करणारी पोस्टरे लागली. तेव्हा शंभराहून अधिक गुन्हे नोंदले गेले, सहा जणांना अटक झाली आणि त्यांत छापखान्यांचे मालकही होते. या पोस्टरांमागे आपणच आहोत, असे आम आदमी पक्षाने उघडपणे सांगितले होते. तरी पोलिसांच्या गाडीत आधी बसला तो हाताला काम मिळाले म्हणून पोस्टर छापणारा आणि चिकटवणारा माणूस.

पोलिसांपाशी कायद्याचे उत्तर होते. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करणे दिल्लीत गुन्हा आहे आणि पोस्टरवर छापखान्याचे नाव असणे तेव्हा बंधनकारक होते. नियम म्हणून हे दोन्ही योग्यच आहे. पण दिल्लीत, नोएडात, गाझियाबादेत राहणाऱ्या कुणालाही विचारा. नेत्यांचे वाढदिवस, सणांच्या शुभेच्छा, शिकवणी वर्गांच्या जाहिराती यांनी आमचे खांब आणि उड्डाणपूल वर्षभर मढलेले असतात. त्या कागदांसाठी रातोरात अटका होताना आम्ही पाहत नाही. एरवी झोपलेला नियम एका विशिष्ट वाक्यापाशी येऊन जागा होतो, तेव्हा शिक्षा विद्रूपीकरणाला होते की प्रश्न विचारण्याला, हे सामान्य माणसाला न सांगता कळते.

मी राजधानीच्या परिसरात नोकरी करून राहणारा मराठी माणूस आहे, कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. देशात बोलण्याचे स्वातंत्र्य आहे की नाही, हा वाद दूरचित्रवाणीवर रोज ऐकतो. एक बाजू म्हणते, पंतप्रधानांवर रोज इतकी टीका होते, मग स्वातंत्र्य नाही कसे? दुसरी बाजू म्हणते, आणीबाणीच आली आहे. दोघेही मोठ्या माणसांकडे पाहून बोलतात. खासदाराला सभागृहाचे संरक्षण असते, पक्षाध्यक्षाला वकिलांची फौज असते, नामवंत पत्रकाराच्या अटकेची निदान बातमी तरी होते. मला वाटते, स्वातंत्र्य मोजायचे ते खालून. मजकूर छापणाऱ्याला, चिकटवणाऱ्याला, मोबाइलवर स्टेटस ठेवणाऱ्याला एका वाक्यासाठी काय मोजावे लागते, तेच खरे माप.

हे माप आजच्या सरकारपुरते नाही. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, २६ मे १९५० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एक होता दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ या संघविचाराच्या साप्ताहिकाचा. पाकिस्तानविषयीचा आणि जातीय स्वरूपाचा मजकूर छापण्यापूर्वी तपासायला द्यावा, असा आदेश दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी त्याला दिला होता. दुसरा होता मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाचा. मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात येण्यास बंदी केली होती. विचाराने एकमेकांपासून इतकी दूर असलेली ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी, एकाच तत्त्वावर जिंकली. पुढच्याच वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणे निर्बंधांच्या यादीत घातली. संसदेत तिला श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला होता. आज त्यांचा वारसा सांगणारा पक्ष सत्तेवर आहे आणि नेहरूंचा वारसा सांगणारा पक्ष स्वातंत्र्याच्या नावाने लढतो आहे. हत्यार तेच, फक्त हात बदलले.

महाराष्ट्रानेही हे पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. ती का बंद पडावी, असे फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि त्या मजकुराला लाइक देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. तेव्हा राज्यात आणि केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालची सरकारे होती आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ‘६६ अ’ हे कलम त्यांच्याच काळातले. त्या अटकेने अस्वस्थ झालेली दिल्लीची तरुणी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले. तरीही पोलीस ठाण्यांत ते वापरले जातच राहिले. रद्द कलमाखाली कुणावर खटला चालवू नका, असे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा बजावावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात, महाविकास आघाडीच्या राज्यात, शरद पवार यांच्याविषयीच्या एका पोस्टमुळे एक अभिनेत्री महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. मला ती पोस्ट मुळीच आवडली नव्हती. तिच्यासाठी तुरुंग, हे त्याहून वाईट होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. ३७० कलम निष्प्रभ केल्याचा दिवस जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, असे त्यांनी ऑगस्ट २०२२मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लिहिले आणि १४ ऑगस्टच्या पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला, उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. अखेर मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या कोणत्याही निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे त्यांनी स्पष्ट केले आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवण्याची वेळ आली आहे, असेही सुनावले. निकाल उत्तम लागला. पण एका स्टेटससाठी दिल्लीपर्यंतची वाट तुडवण्याची ताकद किती जणांत असते? बाकीचे पुढच्या वेळी गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही.

आमच्या सोसायटीतले एक ज्येष्ठ गृहस्थ मला नेहमी विचारतात, शब्दांनी आग लागते, त्याचे काय? हा आक्षेप दिल्लीकराने हसण्यावारी नेऊ नये. फेब्रुवारी २०२०मध्ये ईशान्य दिल्लीतल्या दंगलीत ५३ माणसे मेली. असा धोका ओळखूनच आधी सिंघल प्रकरणात न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी मोकळ्या. सरकारने हात घालायचा तो तिसरीपाशी. मला ही रेषा मान्य आहे. माझी तक्रार आहे ती रेषा उलटी ओढण्याविषयी. त्याच दंगलीत, २६ फेब्रुवारीला, दिल्ली उच्च न्यायालयात न्या. एस. मुरलीधर यांनी राजकीय नेत्यांच्या भाषणांच्या चित्रफिती भर न्यायालयात दाखवायला लावल्या आणि गुन्हे का नोंदवले नाहीत, असे पोलिसांना विचारले. जिथे शहर जळत होते तिथे पोलिसांना विचार करायला वेळ हवा होता. पुढच्याच वर्षी लसीविषयीच्या पोस्टरबाबत तो लागला नाही.

यावर इलाज नवीन शोधायचा नाही. मार्च २०२५मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तो सांगितला आहे. बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३)नुसार आधी प्राथमिक चौकशी करावी आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने तपासावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे. ही चौकशी नेमाने व्हावी. वरवर लावलेल्या कलमाखाली कुणाला उचलले, तर त्या अधिकाऱ्याला वरिष्ठांनी जाब विचारावा. विद्रूपीकरणाचा नियम शुभेच्छाफलकालाही तितक्याच वेगाने लागावा.

आपल्याकडूनही काही मागायला हवे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी सरकारविरुद्ध लिहिले की त्याला देशद्रोही ठरवून गटाबाहेर काढणारे आपणच असतो आणि कुणी सरकारची बाजू घेतली की त्याला भक्त म्हणून हिणवणारेही आपणच. नावडत्या माणसाला अटक झाली की मनातून सुखावतो, आवडत्याला झाली की संविधान आठवते. पोलिसांना धीर मिळतो तो आपल्या या दुटप्पी आनंदातून. म्हणून माझ्या विरोधी मताच्या माणसावर शब्दांसाठी गुन्हा दाखल झाला की मी त्याच्या मताला विरोध करीन आणि त्याच्या अटकेलाही. उद्या सरकार बदलले तरी ही मागणी बदलता कामा नये. ती बदलली, तर आपण स्वातंत्र्य मागतच नव्हतो, आपल्या बाजूची सत्ता मागत होतो.