रिकामा रकाना

कित्येक कामे अशी असतात की, त्यांत नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही प्रथम कोणास येत नाही. संगणकावरील आपला गीतसंग्रह नीट लावणे हे त्यांपैकीच एक होय. वडिलांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली शेदीडशे गाणी आमच्या संगणकात कशीबशी पडून होती. गेल्या पावसाळ्यात, त्या प्रत्येकास नाव, गायक, साल आणि मुखचित्र द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हे काम हाती घेतले.

ही माहिती ध्वनीच्या फाइलीतच साठविता येते. १९९६ साली निघालेल्या पहिल्या ‘आयडी-थ्री’ पद्धतीत तिला अवघ्या १२८ बाइटांची जागा होती. गायकाच्या वाट्यास त्यांतील ३० येत. १९९८ च्या सुधारलेल्या पद्धतीने चित्राचीही सोय केली. जागेची ती वाण आज उरलेली नाही. परंतु रकाना रिकामा दिसला की, तो काहीतरी घालून भरण्याचा मोह मात्र अनावर होतो. आपण आळस केला, तर संगणक स्वतःच कोठून तरी माहिती व चित्र आणून तेथे चिकटवितो.

आमच्याकडे तसेच झाले. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांच्या गायनापुढे साल लागले ते पुष्कळ वर्षांनी निघालेल्या एका संकलनाचे. एका जुन्या नाट्यगीतास तर भलत्याच गायिकेचे छायाचित्र मिळाले. चूक आमच्या ध्यानी आली होती. तथापि चौकट भरल्यामुळे चित्रांची ओळ सुरेख दिसे, म्हणून आम्ही ती तशीच राहू दिली. पुढे एके दिवशी आमची कन्या त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा, या बाई किती गोड गातात!” तेव्हा मात्र आम्हांस आमची लाज वाटली. जिचा तो कंठ, तिला आम्ही आमच्याच घरात नाहीसे केले होते.

यावर कोणी म्हणेल की, संग्रह खाजगी, चित्र अंगठ्याएवढे. यात कोणाचे काय बिघडले? पण संग्रह बहुधा संग्राहकाहून दीर्घायुषी असतो. आज आम्ही सोयीसाठी लिहिलेले उद्या आमची मुले प्रमाण मानतील. आणि आमच्यावर त्यांचा जितका विश्वास अधिक, तितका तो प्रमाद पक्का होईल.

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकडीवर वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा. तरी त्यातूनही क्षणभर काढून गाण्याच्या अखेरीस त्या आपले नाव उच्चारीत. कारण व्यवहाराचेच होते: मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि गाणारे कोण हे तेथील कारागिरांस कळणे अवश्य होते. ज्यांना क्षणाक्षणाची काटकसर होती, त्यांनी नावासाठी वेळ काढला. आणि हवी तेवढी जागा मिळूनही आम्ही ते नाव बेफिकिरीने पुसावे काय?

मुखचित्राची गोष्टही अशीच. त्या काळच्या बहुतेक तबकड्या साध्या कागदी वेष्टनात येत. सचित्र वेष्टनाची चाल अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास रूढ केली. तेव्हा ज्या गाण्यास चित्र कधी नव्हतेच, त्याची चौकट रिकामी दिसणे हेच यथार्थ होय.

आम्ही ते उसने छायाचित्र काढून टाकले. वडिलांच्या तबकडीवरील गोल, फिकट झालेल्या चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन तेथे लावले. जेथे चिठ्ठीही झिजून गेली होती, तेथे गायकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले. आता ती ओळ पूर्वीइतकी शोभिवंत दिसत नाही, पण मुलीने “हे कोण गाते?” असे विचारले, तर आम्हांस खोटे उत्तर द्यावे लागत नाही.